सोसायटीच्या गच्चीवरचं सोलर: प्रस्ताव तयार करतानाच्या प्रकल्प नोंदी

ग्राहक: पुण्यातली ४८ सदनिकांची सहकारी गृहनिर्माण सोसायटी. तीन विंग, पार्किंगवर चार मजले, मजल्याला चार सदनिका. लिफ्ट, पाण्याचे पंप, जिने आणि पार्किंगचे दिवे मिळून सामाईक मीटर एकच.
आलेली मागणी: व्हॉट्सॲपवर एक ओळ, "सोलरचं कोटेशन पाठवा."

६ ऑक्टोबर २०२५, सोमवार

भाव लगेच पाठवलेला नाही. आधी सामाईक मीटरची गेल्या बारा महिन्यांची बिलं मागवली, दोन्ही बाजूंचे फोटो. एकाच महिन्याच्या बिलावर क्षमता ठरवली तर ती हमखास चुकते. इथे मे महिन्यात २,४५० युनिट आहेत, ऑगस्टमध्ये २,१५०. वर्षाची बेरीज २७,६००.

बिलातून उतरवून घेतलेलं:
– मंजूर भार २० किलोवॉट. नेट मीटरिंगखाली (सोलरची महावितरणला दिलेली युनिटं घेतलेल्या युनिटांतून वजा होतात ती पद्धत) प्रकल्पाची क्षमता याच्या वर जाऊ शकत नाही. जास्त हवी असेल तर आधी भारवाढीचा अर्ज, आणि त्याचा खर्च वेगळा.
– बिल कोणाच्या नावावर आहे. जुन्या सोसायट्यांत सामाईक मीटर अजून बिल्डरच्या नावावर असतो आणि अर्ज तिथेच अडकतो. इथे सोसायटीच्या नावावर आहे, थकबाकी नाही.
– स्थिर आकार वगळून वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि १६ टक्के वीज शुल्क यांची बेरीज. वर्षाच्या युनिटांनी भागल्यावर सरासरी १५ रुपये युनिट.

सचिवांना फोनवर आणखी एक गोष्ट विचारली: निर्णय कोण घेणार? खर्च व्यवस्थापक समितीच्या अधिकाराबाहेरचा आहे, त्यामुळे सर्वसाधारण सभेचा ठराव लागणारच. वार्षिक सभा सप्टेंबरअखेर होऊन गेली आहे. म्हणजे विशेष सभा, आणि तिची नोटीस किमान पाच पूर्ण दिवस आधी.

कागद लिहिण्याआधी एवढं कळणं गरजेचं होतं. प्रस्ताव आपण सचिवांच्या हातात देणार, पण तो मांडायचा आहे सचिवांना, ४८ जणांसमोर, आपण तिथे नसताना. त्यांना उत्तर देता येणार नाही असं एकही वाक्य कागदात नको.

८ ऑक्टोबर, बुधवार

गच्चीची पाहणी. टेप, होकायंत्र, फोनवरचं सूर्यमार्गाचं ॲप. सोबत सोसायटीचा इलेक्ट्रिशियन हवाच. मीटर रूमची किल्ली त्याच्याकडे असते, आणि गच्चीत कुठे गळतं ते त्याला ठाऊक असतं.

अ आणि ब विंग एकमेकींना जोडून आहेत, दोन्ही गच्च्या मोकळ्या. क विंगच्या दक्षिणेला शेजारची अकरा मजली इमारत आहे. तिथे हिवाळ्यात दुपारपर्यंत सावली राहणार, म्हणून क वगळली. प्रस्तावात हे कारणासह लिहायचं. नाहीतर "आमच्या विंगवर का नाही?" हा प्रश्न सभेत पहिल्या पाच मिनिटांत येतो.

पाण्याची टाकी गच्चीपासून ३ मीटर उंच. पुण्याच्या अक्षांशावर २१ डिसेंबरला माध्यान्हीला सूर्य साधारण ४८ अंशांवर असतो, सावली उत्तरेला २.७ मीटर पडते. सौरवेळेने सकाळी ९ ला सूर्य २९ अंशांवर, सावली ५.३ मीटर. सकाळची सावली वायव्येकडे, दुपारची ईशान्येकडे. टाकीच्या उत्तरेचा हा पंखा नकाशावर आखून रिकामा ठेवला. पॅनेल एकाला एक जोडून माळ केलेली असते; माळेतल्या एका पॅनेलवर सावली पडली तरी तोटा त्या एकापुरता थांबतच असं नाही. नुसत्या चौरस फुटांवर क्षमता सांगणारी कोटेशनं इथेच फसतात.

गच्चीचं वॉटरप्रूफिंग चार वर्षांपूर्वीचं, ब विंगला जिन्याजवळ एक भेग. तिचा फोटो तारखेसह प्रस्तावाला जोडायचा. काम झाल्यावर तीच भेग आपल्या नावावर चढू नये, आणि सोसायटीलाही दुरुस्ती आधी करून घेता यावी.

उन्हाळ्यात इथे वाळवणं पडतात, कपडे रोजच. त्यामुळे सांगाडा उंच: पुढची बाजू २.१ मीटर, खालून माणूस ताठ चालत जाईल असा.

९ ऑक्टोबर, गुरुवार

क्षमता ठरली: ५५० वॉटचे ३४ पॅनेल, १८.७ किलोवॉट. अ विंगवर १७, ब वर १७. दोन समान माळा, म्हणजे इन्व्हर्टरला (पॅनेलची डीसी वीज वापरायच्या एसी विजेत बदलणारं यंत्र) जोडणीही सरळ. एक पॅनेल सुमारे २.६ चौ. मी., एका गच्चीवर ४४ चौ. मी. निव्वळ. धुण्यासाठी आणि दुरुस्तीसाठी वाट धरून ७५.

वर्षाला किलोवॉटमागे १,३५० युनिट धरले, एकूण २५,२४५. पुण्यात चांगल्या वर्षी १,४०० च्या वर जातात, पण प्रस्तावातला आकडा पुढच्या वर्षी कोणीतरी बिलाशी ताडून पाहणार आहे. महिनावार तक्त्यात एप्रिल आणि मे २,५५० आणि जुलै १,५०० असा फरक स्पष्ट दाखवला. "रोज किलोवॉटला चार युनिट" एवढंच लिहिलं की पहिल्या पावसाळ्यात तक्रार येते.

वापरापेक्षा थोडी कमी क्षमता मुद्दाम ठेवली. एप्रिल-मेमधली शिल्लक युनिटं पावसाळ्यात वापरली जातात, पण ३१ मार्चला उरलेल्या युनिटांना मिळणारा भाव आपण वाचवतो त्या भावाच्या जवळपासही नसतो.

इन्व्हर्टर १५ किलोवॉटचाही चालला असता, पुण्याच्या उन्हात तापलेलं पॅनेल पाटीवरची क्षमता क्वचितच देतं. पण केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत अनुदान पॅनेल आणि इन्व्हर्टर यांपैकी जी क्षमता कमी असेल तिच्यावर मोजतात. सोसायटीच्या सामाईक वापरासाठी दर किलोवॉटला १८,००० रुपये:
१५ × १८,००० = २,७०,०००
१८.७ × १८,००० = ३,३६,६००
फरक ६६,६०० रुपये. दोन इन्व्हर्टरच्या किमतीतला फरक याहून बराच कमी. २० किलोवॉटचा घेतला. तांत्रिक पानावर याला दोन ओळी, कारण दुसऱ्या विक्रेत्याचं १५ चं कोटेशन स्वस्त दिसेल तेव्हा खजिनदारांना हाच हिशेब लागेल.

११ ऑक्टोबर, शनिवार

किंमत. जुना साचा उघडून आकडे भरण्याआधी कराची ओळ बदलली. सोलरच्या कामात ७० टक्के माल आणि ३० टक्के सेवा धरून जीएसटी लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालावरचा दर १२ वरून ५ टक्के झाला, सेवेवर १८ कायम. एकत्रित दर १३.८ वरून ८.९ वर आला.

मूळ किंमत १०,२०,०००
माल ७,१४,००० वर ५ टक्के: ३५,७००
सेवा ३,०६,००० वर १८ टक्के: ५५,०८०
एकूण ११,१०,७८०

जुन्या साच्याने हाच आकडा ४९,९८० रुपयांनी फुगला असता, आणि तीन कोटेशनांच्या तुलनेत फक्त त्यामुळे काम हातचं गेलं असतं.

अनुदान वजा करून "तुम्हाला फक्त ७,७४,१८०" असं मोठ्या अक्षरात लिहायची पद्धत या धंद्यात आहे. ती इथे वापरायची नाही. अनुदान प्रकल्प सुरू झाल्यावर थेट सोसायटीच्या खात्यात येतं, तोवर पूर्ण ११,१०,७८० सोसायटीलाच उभे करायचे असतात. खजिनदारांना हे वर्गणी गोळा करताना कळलं तर विश्वास गेला. म्हणून तीन ओळी, याच क्रमाने: आधी भरायचे ११,१०,७८० (सदनिकेमागे २३,१४१), नंतर परत येणारे ३,३६,६००, शेवटी पडणारा खर्च ७,७४,१८० (सदनिकेमागे १६,१२९).

अनुदानासाठी पॅनेलमधले सेलसुद्धा देशी बनावटीचे लागतात. ते आयात सेलच्या पॅनेलपेक्षा महाग. तुलनेत कोणाचा भाव फारच खाली असेल तर समितीने आधी हेच विचारावं, असं टिपेत घातलं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

बचतीचं पान. याला सगळ्यात जास्त वेळ दिला, कारण बहुतेक प्रस्ताव इथेच खोटे ठरतात, आणि तेही कुणाची लबाडी नसताना.

नेहमीची पद्धत: तयार युनिट गुणिले सगळ्यात वरच्या टप्प्याचा दर. हे चूक आहे. सोलर आल्यावर महावितरणकडून महिन्याला सरासरी १९६ युनिट घ्यावी लागतील, ती खालच्या, स्वस्त टप्प्यांत बसतात. म्हणजे वाचलेल्या युनिटांत महाग आणि मध्यम दोन्ही आहेत. बरोबर रीत एकच: आधीचं बिल वजा नंतरचं बिल.

आधी: २७,६०० × १५ = ४,१४,०००
नंतर: २,३५५ युनिट, सरासरी ९ रुपये = २१,१९५
फरक ३,९२,८०५
वजा पॅनेल धुण्याचा खर्च, महिना ३,०००: ३६,०००
हातात ३,५६,८०५

स्थिर आकार दोन्हीकडे सारखाच, तो वाचत नाही. हे वेगळ्या ओळीत लिहिलं. "बिल शून्य" हे शब्द प्रस्तावात कुठेही नाहीत.

परतफेडीची दोन उत्तरं ठेवली. अनुदान धरून दोन वर्षं दोन महिने. अनुदान आलंच नाही तर तीन वर्षं दीड महिना. शिवाय तिसरं, पडती बाजू: उत्पादन २० टक्के कमी, म्हणजे २०,१९६ युनिट. तेव्हा ७,४०४ युनिट विकत, सरासरी ११ रुपयांनी ८१,४४४. धुण्याचा खर्च जाऊन हातात २,९६,५५६. अनुदानाशिवाय परतफेड पावणेचार वर्षं. पहिल्या पानावर हा तिसरा आकडा जाणार. सभेत प्रत्येक आकडा थोडा खाली ओढायचा म्हणून बसलेले दोघे-तिघे असतातच. त्यांच्यासाठी तो आधीच खाली ओढलेला बरा.

पंचवीस वर्षांची एकत्र बचत दाखवणारा आलेख काढून टाकला. वीजदर दरवर्षी अमुक टक्के वाढणार असं गृहीत धरल्याशिवाय तो छान दिसत नाही, आणि त्या वाढीची जबाबदारी कोणी घेऊ शकत नाही. त्याऐवजी पॅनेलची घट: पहिल्या वर्षी सुमारे २ टक्के, पुढे दरवर्षी अर्धा ते पाऊण टक्का.

१५ ऑक्टोबर, बुधवार

पहिलं पान. हे पान सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणार आणि बहुतेक सदस्य तेवढंच वाचणार. म्हणून वेगळी एकपानी पीडीएफ, फोनवर न ताणता वाचता येईल एवढा टाइप. कंपनीची ओळख, फोटो, पूर्वीची कामं सगळी शेवटच्या पानावर गेली. या पानाचा मजकूर:

"१. काय: अ आणि ब विंगच्या गच्चीवर १८.७ किलोवॉट. वीज फक्त सामाईक मीटरसाठी. सदनिकांच्या बिलात फरक पडणार नाही.
२. खर्च: आधी ११,१०,७८०. अनुदान ३,३६,६०० नंतर सोसायटीच्या खात्यात.
३. बचत: वर्षाला सुमारे ३,५६,०००. उत्पादन २० टक्के कमी झालं तर सुमारे २,९६,०००.
४. महावितरणची वीज गेली की हा प्रकल्पही बंद पडतो. वीज नसताना लिफ्ट सोलरवर चालणार नाही.
५. गच्ची वापरता येईल. सांगाड्याखाली २.१ मीटर उंची.
६. स्लॅबला गळती लागली तर जबाबदारी: पान ५."

चौथा मुद्दा विक्रीच्या दृष्टीने अडचणीचा वाटतो, तरी पहिल्या पानावरच हवा. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनच्या सुरक्षेसाठी इन्व्हर्टर महावितरणच्या लाइनपासून आपोआप वेगळा होतो. बॅटरी नसलेल्या प्रत्येक ग्रिड-जोड प्रकल्पात हे असंच असतं. लोकांची समजूत नेमकी उलटी असते, आणि ती काम झाल्यावर दुरुस्त करण्यापेक्षा आधी केलेली बरी.

पान ५, गच्ची आणि सांगाडा: एवढा उंच सांगाडा नुसत्या वजनावर ठेवता येत नाही, वारा खालून उचलतो. भारतीय मानक ८७५ भाग ३ नुसार पुण्यासाठी मूळ वाऱ्याचा वेग ३९ मीटर प्रति सेकंद धरून आरेखन. खांब शक्य तिथे कॉलमच्या डोक्यावर, केमिकल अँकरने (रसायनाने काँक्रीटमध्ये चिकटवलेला बोल्ट), त्यावर काँक्रीटचा ठोकळा आणि ठोकळ्याभोवती वॉटरप्रूफिंगचा गोल काठ. अँकरच्या प्रत्येक जागेवर काम झाल्यावर ४८ तास पाणी साठवून चाचणी, समितीच्या सहीने. त्या जागांसाठी पाच वर्षं गळतीची लेखी हमी. जुनी भेग आणि इतर भाग हमीत नाही. गंज लागू नये म्हणून पोलाद हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून मुलामा दिलेलं), थर ८० मायक्रॉन. नुसतं "जीआय स्ट्रक्चर" लिहिलेल्या कोटेशनात पातळ मुलामा खपून जातो. संरचना अभियंत्याचा दाखला किमतीत धरला.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

"यात नाही" हे पान. प्रस्तावातलं सगळ्यात कमी वाचलं जाणारं आणि पुढे सगळ्यात जास्त भांडण लावणारं.

किमतीत धरलेलं: पॅनेल, इन्व्हर्टर, सांगाडा, दोन्ही जोडपेट्या, तीन अर्थिंग (डीसी, एसी, तडितरोधक), चार कोअर १६ चौ. मि.मी. ॲल्युमिनियम आर्मर्ड केबल ४० मीटरपर्यंत, नेट मीटरचा अर्ज आणि पाठपुरावा, पाच वर्षांची देखभाल.

न धरलेलं: गच्चीवर धुण्यासाठी पाण्याची लाइन, पॅनेल धुणं, ब विंगच्या भेगेची दुरुस्ती, मीटर रूममधल्या जुन्या मुख्य स्विचची बदली (निघालीच तर), ४० मीटरच्या पुढची केबल (दर मीटरमागे लिहिला), नेट मीटरचं महावितरणचं शुल्क.

"इतर खर्च प्रत्यक्षानुसार" हे वाक्य साच्यातून कायमचं काढलं. खजिनदाराच्या नजरेत त्याचा अर्थ कोरा धनादेश.

हप्ते: ऑर्डरसोबत १० टक्के (१,११,०७८), माल गच्चीवर उतरल्यावर ६० (६,६६,४६८), उभारणी पूर्ण झाल्यावर २० (२,२२,१५६), नेट मीटर बसून प्रकल्प सुरू झाल्यावर १० (१,११,०७८). शेवटचा हप्ता नेट मीटरला बांधणं आपल्याला जड जातं, ती तारीख आपल्या हातात नसते. तरी तसंच ठेवलं. सोसायटीला वीज मिळायला लागल्याशिवाय तिच्या दृष्टीने काम झालेलंच नाही.

वेळापत्रक आठवड्यांत, आणि प्रत्येक टप्प्यापुढे कोणाच्या हातात ते. १० किलोवॉटपर्यंतचे अर्ज तांत्रिक व्यवहार्यता तपासणीशिवाय मान्य धरले जातात. आपला त्यावरचा, त्यामुळे तपासणीची १५ दिवसांची मुदत वेगळी दाखवली.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

आज वसुबारस. प्रस्ताव तयार आहे, पाठवलेला नाही. दिवाळीच्या आठवड्यात पाठवलेला कागद फराळाच्या फोटोंखाली दबतो आणि प्रस्तावाच्या मुदतीचे दिवस फुकट जातात.

२७ ऑक्टोबर, सोमवार

पाठवला. छापील तीन प्रती सचिवांकडे, पीडीएफ दोन: एकपानी आणि पूर्ण आठ पानी. फाइलच्या नावात तारीख आणि आवृत्ती. मुदत ४५ दिवस, ११ डिसेंबरपर्यंत. साच्यातली १५ दिवसांची मुदत सोसायटीला निरुपयोगी असते: समितीची बैठक, आणखी दोन कोटेशनं, नोटीस, सभा एवढं त्यात बसत नाही. पॅनेलचे भाव हलते असल्याने ४५ च्या पुढे जाणंही परवडत नाही.

सोबत एक रिकामा तुलनात्मक तक्ता दिला. समिती तीन कोटेशनं मागवणारच आहे. त्यांचे रकाने आपणच आखून दिले तर निदान सारख्याची सारख्याशी तुलना होते. रकाने: पॅनेलची एकूण क्षमता, सेल देशी की आयात, इन्व्हर्टरची क्षमता, सांगाड्याची उंची आणि गॅल्व्हनाइजिंगचा थर, जीएसटी किती टक्क्यांनी, केबलची मर्यादा, गळतीची हमी, शेवटचा हप्ता कशावर. आपला रकानाही रिकामाच सोडला. भरलेला तक्ता जाहिरात दिसतो आणि बाजूला पडतो.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

समितीचे प्रश्न आले, लेखी मागितले होते. दोन महत्त्वाचे.

एक: दुसऱ्या कोटेशनात १,१०,००० रुपयांनी भाव कमी आहे. उत्तरात सूट दिलेली नाही. तक्ता पाहिला तर तिथे सांगाडा गच्चीपासून जेमतेम ३०० मि.मी. उंच आहे. तसाच सांगाडा हवा असेल तर आपला भाव किती हे पर्याय म्हणून कळवलं, आणि त्यात गच्ची वापरातून जाते हे एका ओळीत. कारण न देता भाव उतरवला की पहिला भाव फुगवलेला होता असाच अर्थ निघतो.

दोन: पॅनेल फुटलं तर? दोन भाग करून उत्तर. बनावटीतला दोष असेल तर उत्पादकाची १२ वर्षांची हमी. चेंडू, गारपीट, वादळ हमीत येत नाही, त्यासाठी सोसायटीच्या इमारत विम्यात प्रकल्पाची नोंद करून घ्यावी. हे "यात नाही" पानावर आधीच असायला हवं, तिथे जोडलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

दुसरी आवृत्ती. बदललेली वाक्यं शेवटच्या पानावर यादीने दिली, म्हणजे आठ पानं पुन्हा वाचावी लागणार नाहीत. सचिवांच्या विनंतीवरून ठरावाचा मसुदाही दिला: क्षमता, एकूण रक्कम, पैसे कोणत्या निधीतून, अनुदान कोणत्या खात्यात, महावितरण आणि योजनेच्या संकेतस्थळावरच्या अर्जांवर सही कोण करणार. सूचक आणि अनुमोदक यांच्या जागा कोऱ्या. सहीचा अधिकार ठरावात नसेल तर नंतर तेवढ्यासाठी पुन्हा सभा घ्यावी लागते.

२३ नोव्हेंबर, रविवार

विशेष सभा. शेवटची वीस मिनिटं बोलावलं होतं, सादरीकरण नेलं नाही. पहिल्या पानाच्या प्रती सगळ्यांच्या हातात होत्या. लिफ्ट आणि गळती या दोन्ही प्रश्नांना उत्तरं सचिवांनीच पान क्रमांक सांगून दिली. क विंगचा प्रश्नही आला, अपेक्षेप्रमाणे.

नवा मुद्दा एकच: काही सदस्यांना एकदम २३,१४१ भरणं जड. खजिनदारांनी विचारलं, ६० टक्क्यांच्या हप्त्याचे दोन भाग होतील का.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

तिसरी आवृत्ती, बदल फक्त हप्त्यांत. ६० टक्क्यांचे दोन भाग: सांगाडा आणि केबल उतरल्यावर २५ (२,७७,६९५), पॅनेल आणि इन्व्हर्टर उतरल्यावर ३५ (३,८८,७७३). त्यासाठी माल दोन खेपांत येणार, पहिल्या खेपेनंतर तीन आठवड्यांनी दुसरी. सांगाडा उभा करून ठोकळे पक्के व्हायला आणि पाणी साठवून चाचणी घ्यायला तेवढे दिवस लागतातच, त्यामुळे वेळापत्रक हलत नाही. भाव तोच, मुदत तीच, ११ डिसेंबर. पुरवठादाराकडून पॅनेलचा भाव त्याच तारखेपर्यंत लेखी घेऊन ठेवला.